कोंबडीचं गळू पिकत नाही

पाऊस ओसरायला लागला की या सदराकडे कोंबड्यांच्या पायांची पत्रं येतात. यंदा पाच निवडली आहेत. नव्या वाचकांना आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नव्हे. गुरांच्या सरकारी दवाखान्यात २९ वर्षं ड्रेसर होतो. डॉक्टर सांगतील ती जखम धुवायची, बांधायची आणि मालक सांगेल ते सगळं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. त्यातलं जे हाताला माहीत झालं तेवढंच इथं लिहितो.

प्रश्न : काका, आमच्याकडे पाच वनराजा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. गणेश चवथीच्या गडबडीत लक्ष गेलं नाही, पण आता एक कोंबडी डावा पाय टेकताना कचरते. उचलून पाहिलं तर तळव्याला मसुराएवढा काळा डाग आणि भोवती थोडी सूज. पुतण्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहून सर्जिकल ब्लेड मागवलंय, रविवारी कापू म्हणतो. सासूबाई म्हणतात बिब्बा लावा. काय करू? — एक वाचक, वाळपई

उत्तर : ताई, ते ब्लेड पुतण्याकडून मागून घ्या आणि कपाटात ठेवा. बिब्ब्याचं नंतर बोलू.

तुमच्या कोंबडीला जे झालंय त्याला डॉक्टर बंबलफूट म्हणतात. गावात कुणी भोवरी म्हणतं, कुणी कुरूप. दिसायला तसंच दिसतं, पण माणसाची भोवरी म्हणजे चपलेनं घासून घट्ट झालेलं कातडं. कोंबडीच्या तळव्यात मात्र जंतू शिरलेले असतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे. ते काही बाहेरगावाहून येत नाहीत. तिच्या कातडीवर, खुराड्यातल्या भुशात, माणसाच्या नाकातसुद्धा ते असतात. तळव्याला बारीक चीर पडली किंवा कूस गेली की आत शिरतात. वर काळी खपली धरते आणि आपल्याला वाटतं, जखम भरली. खरं तर ती खपली म्हणजे नुसतं झाकण.

झाकणाखाली काय असतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण घोटाळा इथंच होतो. आपल्याला गळू झालं तर घरातलं वडीलधारं माणूस काय म्हणतं? पोटीस बांधा, पिकू दे, पिकलं की फुटेल, निचरा झाला की बरं वाटेल. माणसाच्या आणि गुराच्या बाबतीत ते खरंही आहे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मेलेलं मांस विरघळवतात, म्हणून पू पातळ होतो आणि वाट मिळाली की वाहतो. पाखरांच्या पेशींकडे ते विरघळवण्याचं सामान पुरतं नसतं. त्यामुळे कोंबडीचा पू पातळ होतच नाही. सुरुवातीला तो ओल्या पनीरासारखा असतो, मग मेणासारखा होतो, आणि बरेच दिवस गेले तर वाळक्या चण्यासारखा टणक. फुटत नाही, वाहत नाही, सुई घालून ओढला तर सिरिंजमध्ये थेंब येत नाही. याला मी कणी म्हणतो. ‘पिकू दे’ म्हणत महिनाभर थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. तोवर कणी बोराएवढी झालेली असायची.

म्हणजे मग लगेच कापायचं का? तेही नाही. मसुराएवढा डाग, थोडी सूज, कोंबडी खाते-पिते आहे, पाय टेकते आहे, एवढ्यावर बहुतेक वेळा कोमट पाणी आणि सबुरी यांनी काम भागतं.

कापण्याबद्दल एवढा अडून का बसलोय, ते आमच्या हिला विचारा. नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. हिची एक लाल गावठी तलंग होती, नुकती अंड्यावर आलेली. तिच्या तळव्याला हेच झालं. दवाखान्यात रोज जखमा बांधणारा मी, घरच्या कोंबडीसाठी डॉक्टरांना काय विचारायचं? पाय न भिजवताच खपली उचकटली. कणी निघाली, चांगली हरभऱ्याएवढी. तिच्यामागे पांढरी, चकचकीत दोरी दिसली. मला वाटलं कणीचं मूळ राहिलं. चिमट्यात धरली आणि ओढली. ते मूळ नव्हतं, बोट वाकवणारी शीर होती. डॉक्टर तिला कंडरा म्हणतात. त्या तलंगेचं मधलं बोट पुन्हा कधी वाकलं नाही. पुढं चार वर्षं तिनं अंडी दिली. पण रात्री दांडीवर बसली की बाकीची बोटं दांडीला वळलेली आणि हे एक सरळ पुढं, कुणाकडे तरी बोट दाखवावं तसं. कुणाकडे, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

तर आता करायचं काय. काम अंधार पडल्यावर करा, कोंबडी शांत असते. जुन्या पंच्यात तिला पंखांसकट गुंडाळा, डोक्यावर पदर येऊ द्या, नाक मोकळं ठेवा. व्हिडिओत पाठीवर उताणी पाडतात तसं फार वेळ ठेवू नका आणि छाती घट्ट आवळू नका. पाखराला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड वरखाली झालं तरच तिला श्वास घेता येतो. घट्ट आवळून धरल्यामुळे हातातच मान टाकलेली कोंबडी मी पाहिली आहे. काखेत धरा, दुसऱ्या माणसानं पाय हातात घ्यावा. हातमोजे घाला. हे जंतू आपल्या हातावरच्या चिरेतूनही आत जातात.

घमेल्यात तिची बोटं बुडतील एवढं कोमट पाणी घ्या. लहान बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपरानं बघतो तसं बघा. दोन लिटरला दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट घाला; नसलं तर घरचं मीठ चालेल, खपली मऊ करण्याचं मुख्य काम पाणीच करतं. एवढंच बघा की ती ते पाणी पिणार नाही, कारण एप्सम सॉल्ट हा जुलाबाचा क्षार आहे. पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. मऊ ब्रशनं तळवा धुवा, कोरडा टिपून घ्या, मग बीटाडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. पहिल्या दिवशी खपलीला हात लावू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या कडा पांढऱ्या होऊन उचलल्या जातात. तेव्हा अंगठ्यानं बाजूनं हलकं दाबलं तर कधीकधी खपलीला चिकटूनच कणी बाहेर येते, फणसाच्या गऱ्यातून आठळी सुटावी तशी. आली तर आली. नाही आली तर ओढायचं नाही, उद्या परत भिजवायचं. पिवळं, कोरडं, भुसभुशीत ते कणीचं. गुलाबी दिसलं, रक्त आलं किंवा पांढरी दोरी दिसली की तिथंच थांबा.

कणी निघाल्यावर खड्डा राहतो. तो बीटाडीनच्या पाण्यानं धुवा, बीटाडीनचं मलम भरा, वर दुमडलेला गॉजचा तुकडा ठेवा आणि बांधा. पट्टी बोटभर रुंदीची कापायची. नळीवरून, म्हणजे बोटांच्या वरच्या खवल्यांच्या पायावरून, सुरू करून तळव्याखालून एका बोटाच्या फटीतून वर, परत नळीला वळसा, मग दुसऱ्या फटीतून. घोट्याला मुरगळल्यावर बांधतात तसा इंग्रजी आठचा आकडा होतो. तासाभरानं बोटं चाचपून पहा. गार लागली किंवा फुगली तर पट्टी घट्ट झाली. रोज, निदान दिवसाआड बदला. ओली झाली तर त्याच दिवशी, कारण ओल्या पट्टीखाली माशी बसली की किडे पडतात. पायाचं पाणी मोरीत ओतू नका, माडापासून लांब खड्ड्यात टाका.

घरात मलमाच्या ट्यूबा शंभर असतात. खाज-गजकर्णाची म्हणून आणलेली, स्टिरॉइड असलेली ट्यूब अजिबात लावू नका. तिनं जखम भरत नाही आणि पाखराला स्टिरॉइड फार बाधतं. बधीर करणारं मलमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण रोज ओतलात तर नवं येणारं मांसही जळतं. हळद-खोबरेल वरच्या खरचटण्याला ठीक आहे, बंद कणीपर्यंत ते पोचत नाही.

आणि सासूबाईंचा बिब्बा. त्यांचा मान राखून सांगतो, बिब्ब्याचं तेल माणसाच्या भेगाळलेल्या टाचेलासुद्धा भाजतं. काजूच्या टरफलाचं तेल त्याच जातकुळीचं. कोंबडीच्या तळव्याला लावलंत तर काळा डाग मोठा होईल आणि मग त्यातलं रोगाचं किती आणि बिब्ब्याचं किती हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

डॉक्टरकडे कधी न्यायचं? सूज तळव्यावरून वर पायाच्या पाठीवर किंवा बोटांत चढली, हाताला गरम लागते, नळीकडे सरकते, कोंबडी बसूनच खाते, किंवा आठवडाभर भिजवूनही काही फरक नाही, तर. अशा वेळी आतलं काढावंच लागतं, पण ते भूल आणि दुखण्यावरचं औषध देऊन, आणि दोरी कुठली नि कणी कुठली हे ओळखणाऱ्या हातानं.

आता ज्याला कुणी पत्रात विचारत नाही ते. तिला टोचलं कुठं? हे शोधलं नाहीत तर दिवाळीपर्यंत दुसरी लंगडेल. फोंड्याकडच्या एका कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, घरी तीन कोंबड्यांना तळव्याला हेच झालं होतं. त्या बाईंनी सगळं केलं, मलमं, पट्ट्या. बरं व्हायचं आणि परत व्हायचं. मी एकदा पहाटे जाऊन स्टुलावर बसलो. उजाडलं, दार उघडलं, आणि कोंबड्या दांडीवरून उतरायला लागल्या. धप्. धप्. धप्. दांडी माझ्या खांद्याइतकी उंच आणि खाली उघडे चिरे. जांभ्याचा चिरा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, नवा असेल तर किसणीसारखा. रोज सकाळी दोन-अडीच किलोचा जीव त्यावर आपटायचा. शिवाय दांडी होती पोफळीच्या खोडाची चिरफाळी, तिचे तंतू सुईसारखे वर आलेले. आम्ही दांडी गुडघ्याच्या उंचीवर आणली, तीन बोटं रुंदीची आणि कडा रंधून गोल केलेली लाकडी पट्टी बसवली, खाली भाताचं तूस वीतभर पसरलं. त्या वर्षी परत पत्र आलं नाही, पोफळं मात्र आली.

तुमची वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत तयार झालेली जात. परसात फिरायला चांगली, पण गावठीपेक्षा अंगानं जड. गावठी कोंबडी आंब्यावरून उतरते तेव्हा पंख मारत उतरते, ही मात्र पडते. त्यामुळे उंच दांडी हिला अधिक भोवते. त्यात उरलेली पेज आणि उकडा भात रोज पोटभर मिळाला की चरबी वाढते, आणि भातात अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच. ते कमी पडलं की कातडं कच्चं राहतं. शेवग्याचा पाला, पिवळा मका, पपईची सालं द्या.

अंगणातही एक फेरी मारा. चवथीनंतर मासळी सुरू होते आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या माडाच्या मुळात पडायला लागतात. कोंबड्या नेमक्या तिथंच उकरतात. शिंपली कोंबडीला चांगली, अंड्याच्या कवचाला चुना मिळतो, पण कुटून द्या. फुटक्या शिंपलीची कड ब्लेडपेक्षा कमी नसते. मोडक्या कौलांचे तुकडे, तारेची टोकं, खुराड्याच्या तळाच्या बांबूच्या कामट्या हेही बघा.

आणि ओल. आपल्याकडे गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. चार महिने ओल्या जमिनीवर उभं राहिलेल्या तळव्याचं कातडं धोब्याच्या बोटांसारखं होतं, मग साधी काडीही आत जाते. तूस मुठीत दाबून पहा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ते ओलं आहे, बदला. वास बघायचा तर उभ्यानं बघू नका, उकिडवे बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर तिचे पाय आणि डोळे दोन्ही रात्रभर तेच सोसतात.

प्रश्न : आमच्या म्हाताऱ्या कोंबड्याच्या नळ्यांवरचे खवले उभे राहिले आहेत, मध्ये चुन्यासारखी पांढरी भुकटी. तळवे स्वच्छ आहेत. शेजारी म्हणतो पाय रॉकेलमध्ये बुडवा. — एक वाचक, पेडणे

उत्तर : शेजाऱ्याला रॉकेल मिळतं कुठून हा माझा पहिला प्रश्न. बुडवू नका, कातडं भाजतं.

हा पायाच्या खवल्यांखाली बिळं करणाऱ्या किडीचा रोग, डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड असते. तळव्याच्या सुजेशी याचा संबंध नाही, पण पत्रांत दोन्हींची सरमिसळ होते म्हणून छापतोय. कोमट साबणपाण्यात पाय भिजवा, जुन्या टूथब्रशनं खवल्यांच्या दिशेनं हळू घासा, सुकवा आणि व्हॅसलिन जाड थापा. कीड गुदमरून मरते. आठवड्यातून दोन-तीनदा, निदान महिनाभर. सुटलेले खवले नखानं उपटू नका, खाली रक्त येतं. खवले पहिल्यासारखे दिसायला बरेच महिने जातात, त्यामुळे ‘गुण नाही’ म्हणून आठव्या दिवशी सोडून देऊ नका. त्याच्या शेजारी दांडीवर बसणाऱ्या कोंबड्यांचेही पाय तपासा आणि दांडी कढत पाण्यानं धुवून उन्हात टाका.

प्रश्न : कोंबडीची किंमत पाचशे रुपये आणि डॉक्टरकडे न्यायला रिक्षा तेवढीच. एकदा नेली तर तिथल्या रांगेतली माणसं हसली. त्यापेक्षा पाय सुजलेली कोंबडी कापून खाल्ली तर काय बिघडलं? आणि घरात तापावरच्या कॅप्सूल उरल्या आहेत, त्या पाण्यात विरघळवून दिल्या तर? अंडी तोवर खावीत का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : हसणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. रेडा घेऊन आलेल्यालाही कुणी ना कुणी हसतंच.

खर्चाचा हिशोब तुमचा तुम्ही करा, त्यात मी पडत नाही. पाचशेच्या कोंबडीवर हजार खर्च करा असं सांगणारा मी शहाणा नव्हे. पायात नुसती लहानशी कणी असेल तर ती तुम्हीच घरी बरी करू शकता, वर सविस्तर लिहिलंय. पण सूज नळीपर्यंत चढलीय, कोंबडी मलूल आहे, अशी कोंबडी ताटात नको. जंतू रक्तात पसरलेले असू शकतात, आणि या स्टॅफिलोकोकसच्या काही जाती जे विष तयार करतात ते शिजवूनही मरत नाही. सोलताना, चिरताना हातालाही लागतं ते वेगळं. वाचवणं शक्य नसेल तर डॉक्टरांकडून तिचे हाल संपवून घ्या आणि खोल पुरा.

कॅप्सूल पाण्यात घालू नका. दुखणारी कोंबडी पाणी कमी पिते आणि धडधाकट जास्त, म्हणजे औषध नको त्यांच्या पोटात जातं. अर्धवट मात्रेनं जंतू मरत नाहीत, निबर होतात. याच भीतीनं केंद्र सरकारनं २०१९ साली कोलिस्टिन नावाचं प्रतिजैविक कोंबड्या आणि खाण्यासाठी पाळलेल्या इतर जनावरांना द्यायला बंदी घातली, कारण माणसाला इतर औषधं चालेनाशी झाल्यावर डॉक्टर शेवटी त्याच्याकडे वळतात.

अंड्यांचं असं : नुसतं धुणं आणि बीटाडीनची पट्टी चालू असेल तर त्यासाठी अंडी टाकायची गरज नाही. मात्र तोंडातून किंवा सुईनं प्रतिजैविक दिलं असेल तर ते अंड्यात उतरतं. किती दिवस अंडी खायची नाहीत ते डॉक्टरांना तिथल्या तिथं विचारा आणि कॅलेंडरवर लिहा. विकू तर मुळीच नका. एका बाईंनी मला सांगितलं होतं, ‘आम्ही नाही खात, बाजारात देतो.’ बोलायचं काय?

प्रश्न : काल बरी होती, आज एक बोट जांभळं आणि फुगलेलं. तळव्याला डाग नाही. आम्ही नदीकाठी राहतो. — एक वाचक, दिवाडी

उत्तर : नदीकाठ लिहिलंत ते बरं केलंत. हे वाचेपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे, कारण इथं तास मोजायचे असतात. बोटाच्या मुळाशी भिंग धरून पहा. गरी टाकणारे तंगुसाचे, म्हणजे गरीच्या नायलॉन दोऱ्याचे, तुकडे काठावर फेकतात, कोंबडी उकरताना तो बोटाला गुंडाळला जातो आणि प्रत्येक पावलाला आवळत जातो. दिसत नाही, कारण सुजेत रुततो. बायकांचा लांब केसही हेच करतो. कोमट पाण्यात धरून फुगीर भाग थोडा बसू द्या आणि बारीक टोकाच्या कात्रीनं तंगूस एका जागी कापा, मग चिमट्यानं हळूच सोडवा. कात्रीचं टोक शिरत नसेल तर जोर करू नका, लगेच दवाखाना. बोट काळं आणि थंड पडलं असेल तर ते जातं. कोंबडी उरलेल्या बोटांवर नीट चालते.

प्रश्न : काका, मी सहावीत आहे. माझ्या कोंबडीच्या पायाला बाबांनी पट्टी बांधली आहे. ती चोचीनं सोडवते. दुसऱ्या कोंबड्यापण टोचतात. रात्री ती कुठे झोपेल? — एक वाचक, डिचोली

उत्तर : बाय, आधी पट्टीचा रंग बघ. लाल असली किंवा बीटाडीनचा डाग वर आला असला तर कोंबड्या टोचणारच, त्यांना लाल दिसलं की राहवत नाही. पायाच्या रंगाची, फिकट पट्टी असली तर उत्तम. टोक लोंबत ठेवायचं नाही, शेवटचा वळसा चिकटपट्टीनं पक्का करायला बाबांना सांग. एक-दोन दिवस ती पट्टीशी भांडेल, पाय झाडत चालेल, मग विसरेल.

तिला दांडीवर चढू द्यायचं नाही, उतरताना परत त्याच पायावर पडेल. आजीकडे कोंबडी डालायची मोठी टोपली असेल. खाली पोतं, त्यावर कोरडं तूस, बाजूला पाणी, आणि वर टोपली. पण टोपली पडवीत लांब नेऊ नकोस, खुराड्याच्या जाळीला लागूनच ठेव, म्हणजे बाकीच्यांना ती दिसत राहील. आठ दिवस नजरेआड झालेली कोंबडी परत सोडली की त्यांना ती परकी वाटते आणि पहिल्यापासून मारामारी सुरू होते. तिची एखादी शांत मैत्रीण असेल तर तिलाही टोपलीत सोबतीला दे.

आणि पट्टी बदलण्याची एक वेळ ठरवून टाका, तुझी शाळा सुटल्यावरची चालेल. पाय तू धरायचा नाहीस, बाबा धरतील. तू रोज जखमेचा आकार वहीत काढ, बाजूला तारीख लिही, मसूर, मूग, तीळ असा. मूग परत मसूर व्हायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांग.